प्लास्टिकचा डायनासोर नव्याने रंगवताना: वरोऱ्याकडच्या एका गावातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी रंगवायचं काम आमच्या घरी माझ्याकडे असतं. एका वर्षी रंग उरला आणि पुतण्याचा पोपटी डायनासोर समोर पडलेला होता. तेव्हापासून नंदी कमी अन् डायनासोर जास्त, अशी गत आहे. येणारे-जाणारे जे विचारतात ते इथे एकत्र लिहून ठेवलं आहे. काही प्रश्न पोट्ट्यांचे आहेत, काही त्यांच्या बापांचे.

कायले करतं बाप्पा हे? नवीन घेतला तर येत नाही का?

येतो. पण तोही पोपटीच येतो, पोटावर नारिंगी फवारा मारलेला आणि डोळा गालावर उतरलेला. कारखान्यात एका मिनिटात रंगवलेलं जनावर आणि चार संध्याकाळी पंख्याखाली बसून रंगवलेलं जनावर, दोन्ही शेजारी ठेवून पाहा.

सुरुवातीला कोणता डायनासोर घ्यावा?

आठवडी बाजारात किंवा जत्रेत मिळतो तोच, पण जरा निवडून. पिशवीत डझनभर येतात ते बोटाएवढे घेऊ नका. त्यांच्यावर कातडीची घडणच नसते, त्यामुळे ब्रशला धरायला काही मिळत नाही. हाताएवढा, जड लागणारा, अंगावर सुरकुत्या आणि खवले नीट उमटलेले असा एक घ्या. रंग कितीही भिकार असला तरी चालेल, घडण चांगली हवी. पापो, श्लाइश, कलेक्टा, सफारी अशा परदेशी कंपन्यांची चित्रं तुम्ही मोबाइलवर पाहिली असतील. ती सुरेखच असतात, पण पहिला हात त्यांच्यावर साफ करायची गरज नाही. पहिले तीन बिघडणारच आहेत.

प्लास्टिक कोणतं आहे ते कसं ओळखायचं?

हा प्रश्न कमी लोक विचारतात, पण रंग टिकणार की सोलणार ते यावरच ठरतं.

दाबल्यावर थोडं दबतं, रबरासारखं वाकतं आणि हाताला जड लागतं ते बहुधा पीव्हीसी. त्यावर रंग चांगला बसतो. पोकळ, हलकं, मेणचट लागणारं आणि नखाने ओरखडलं तर पांढरी रेघ उमटणारं ते बहुधा पॉलिथिन. तेलाच्या कॅनचं असतं तसलं. त्यावर काहीही नीट बसत नाही. खात्री करायची असेल तर जोडाच्या रेघेवरचा फाजील प्लास्टिकचा तुकडा ब्लेडने काढून पाण्याच्या वाटीत टाका. भरीव पीव्हीसी बुडतं, पॉलिथिन तरंगतं. तुकडाच टाका, अख्खा डायनासोर नको. पोकळ असला तर तो कशाचाही असो, तरंगणारच.

जाळून वास घेऊन ओळखायची पद्धत कोणी सांगितली तर ऐकू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, तो घशाला आणि डोळ्यांना झोंबतो.

धुवायलाच पाहिजे का?

हो. साच्यातून खेळणं सुटावं म्हणून साच्याला तेलकट द्रव्य लावतात, ते अंगावर राहतं. वर जत्रेची धूळ आणि पोराच्या हाताचं तेल. भांड्याचा साबण, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन काखेत, जबड्यात, बोटांच्या मधे घासा. मग एक दिवस वाळू द्या आणि पुढे डोक्याला हात न लावता शेपटीकडून धरा.

घरात दरवाजाचा ऑइल पेंट उरला आहे. तो चालेल का?

नाही.

मीही तोच लावला होता. मऊ पीव्हीसीत त्याला लवचीक ठेवणारं प्लास्टिसायझर नावाचं द्रव्य असतं. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि ऑइल पेंटमध्ये मिसळतं. मग रंग वाळतच नाही. माझा ट्रायसेराटॉप्स दसऱ्याला रंगवला होता, दिवाळीलाही बोटाला चिकटत होता. घरात कापसाच्या गंजीचे तंतू उडत होते, ते सगळे त्याच्या पाठीवर बसले. आई म्हणाली, "मेंढी झाली तुझी." तेव्हापासून पहिला हात फक्त पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकचा.

दुसरं कारण शिशाचं. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, असा केंद्र सरकारचा २०१६ चा नियम आहे. पण कोठ्यात पडलेला डबा त्याच्या आधीचा असू शकतो, आणि खेळणं कोणाच्या तोंडात जाईल ते सांगता येत नाही.

मग रंग कोणते आणि किती?

स्टेशनरीच्या दुकानात कॅमल किंवा फेविक्रिलचे ॲक्रिलिक मिळतात. पांढरा, काळा, पिवळी माती म्हणतात तो यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि एक निळा, एवढ्या सहांत माझं सगळं चालतं. हिरवा मुद्दामच घेत नाही. ऑकरमध्ये उलीसा काळा मिसळला की हिरवट छटा येते आणि तीच खऱ्या कातडीजवळची असते. फॅब्रिक कलर वाकणाऱ्या शेपटीवर तडकत नाही हे खरं, पण सुकल्यावरही जरा चिकट लागतो. पोस्टर कलर पाण्याने निघतो, तो लाकडी नंदीलाही नको.

ब्रश तीन: एक चपटा, एक शून्य नंबरचा आणि एक जुना, केस फिसकटलेला. तो जुना सगळ्यात जास्त कामाचा, टाकू नका.

प्रायमर लागतो का?

पीव्हीसीवर पातळ ॲक्रिलिकचे दोन हात प्रायमरचं काम करतात. आर्टच्या दुकानात जेसो, म्हणजे रंगाखाली द्यायचा पांढरा थर, मिळाला तर आणखी बरं. गाडीचा स्प्रे प्रायमर मारायचाच असेल तर आधी पोटाखाली बोटाएवढ्या जागेत मारून दोन दिवस थांबा. चिकट राहिला तर वाचलात.

रंग कोणता द्यायचा? खरा रंग कोणाला माहीत असतो?

काहींचा माहीत आहे. २०१० मध्ये चीनमधल्या सायनोसॉरोप्टेरिक्सच्या पिसांत रंगकण धरून ठेवणाऱ्या सूक्ष्म पेशिकांचे ठसे सापडले आणि त्याच्या शेपटीवर तांबूस-पांढरे पट्टे होते हे कळलं. २०१६ मध्ये सिटाकोसॉरसची पाठ गडद आणि पोट फिकट होतं हे दाखवलं गेलं. म्हणजे आपल्याकडच्या चितळासारखं. वरून ऊन पडलं की गडद पाठ उजळते, फिकट पोट सावलीत जातं, आणि जनावर झाडोऱ्यात मिसळून जातं.

बाकीच्यांसाठी मी एकच नियम पाळतो. चित्रपटातला डायनासोर पाहायचा नाही, बांधावर जायचं.

आमच्या धुऱ्यावर रोही, म्हणजे नीलगाई, येतात. नर निळसर करडा, मादी आणि पिल्लू मातकट पिवळं. एकाच जातीची दोन जनावरं एवढी वेगळी असतात, हे पाहून मी पहिल्यांदा नर-मादी अशी जोडी रंगवली. गवळाऊ बैल पांढरा म्हणतो आपण, पण जवळ जा: मान, वशिंड आणि पुठ्ठे करडे असतात आणि ती छटा कुठे संपते ते दाखवता येत नाही. मोठ्या सॉरोपॉडला, म्हणजे लांब मानेच्या डायनासोरला, मी तोच करडेपणा देतो. नागपुरी म्हैस काळी म्हणावी तर उन्हात तिच्या पाठीवर वाळलेल्या चिखलाचा राखी थर असतो. घोरपडीच्या अंगावर पिवळट ठिपके असतात, ते रांगेत असतात पण मोजून मापून नसतात. आणि पावसाळ्याच्या तोंडावर कुंपणावरच्या नर सरड्याचं डोकं तांबडं होतं, गळ्याला काळा डाग येतो. भडक रंग वापरायची हौस असेल तर ती अशी, तेवढ्याच जागेत भागवा: तुऱ्यावर, गळ्यावर, शिंगांच्या मागच्या झालरीवर. अख्खं जनावर भडक केलं की ते पुन्हा खेळणं होतं.

आकाराचंही पाहा. हत्ती, गेंडा, म्हैस सगळे मळकट रंगाचे आहेत. दहा टनांच्या जनावरावर वाघाचे पट्टे ओढताना हात जरा आखडता घ्यावा.

पद्धत एकदा पहिल्यापासून सांगा.

पहिला हात मधल्या रंगाचा. फार गडद नको, फार फिकट नको. पातळ करून दोनदा लावायचा. जाड लावला की खवले बुजतात आणि ते परत येत नाहीत.

मग वॉश. त्याला मराठीत मी धुवण म्हणतो. बर्न्ट अंबरचा एक भाग, पाण्याचे सहा-आठ भाग आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब. हे अंगभर सोडलं की सुरकुत्यांत जाऊन बसतं. उंचवट्यावरचं ओल्या फडक्याने लगेच टिपून घ्या. काळा रंग वापरू नका, जनावर इंजिन ऑइलमधून काढल्यासारखं दिसतं. पहिल्यांदा धुवण लावाल तेव्हा सगळं बिघडलं असं वाटेल. वाळेपर्यंत बोलू नका.

तिसरा टप्पा कोरड्या ब्रशचा. तो फिसकटलेला जुना ब्रश फिकट रंगात बुडवायचा आणि जुन्या बनियनवर इतका पुसायचा की रंग उरलाच नाही असं वाटावं. मग खवल्यांवरून आडवा, हलका फिरवायचा. नुसत्या टोकांवर रंग धरतो आणि कातडी उठून येते. पोट्ट्यांना हाच भाग जादू वाटतो. खरं सांगायचं तर मलाही.

पट्टे, ठिपके त्यानंतर. ठिपक्यांसाठी बाभळीचा काटा ब्रशपेक्षा बरा. शेवटी पुन्हा एक अगदी पातळ धुवण, म्हणजे पट्टे वरून चिकटवल्यासारखे न दिसता कातडीत बसतात. नखांना आणि शिंगांना बैलाच्या शिंगासारखं करा, बुडाशी मळकट, टोकाला गडद. दात पांढरेशुभ्र नकोत. जबडा आतून लालभडक असतो हा गैरसमज आहे, जांभई देणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात पाहा.

डोळा जमत नाही.

डोळा आधी पूर्ण काळा करा. त्यावर कडेने काळी रेघ राहील असा पिवळट गोल, मधे बाहुली, आणि बाहुलीच्या वरच्या कडेला काट्याने पांढरा कण. दोन्ही डोळ्यांत तो कण एकाच दिशेला हवा. शेवटी ग्लॉस वार्निशचा थेंब. मी एकदा वहिनीचं पारदर्शक नेलपॉलिश लावलं होतं, त्याच्या द्रावणाने खालचा रंग सुटला आणि डोळा ओघळला. वहिनीला अजून बाटलीचं काही कळलेलं नाही.

उभाच राहत नाही, शेपूट वाकडी आहे.

उकळत्याच्या जरा अलीकडचं पाणी घ्या. त्यात वाकडा भाग मिनिट-दोन मिनिटं धरा, मऊ झाला की हवा तसा वळवा आणि तसाच धरून माठाच्या गार पाण्यात बुडवा. हे रंगवण्याआधी करायचं. फडक्याने धरा आणि लहानांना चुलीपाशी पाठवू नका.

रंगवून झालेला डायनासोर टिनाच्या छपराखालच्या फळीवर ठेवू नका. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असतात, टिनाखालचं विचारूच नका. माझा उभा टी-रेक्स एका उन्हाळ्यात नमस्कार करायला वाकला तो वाकलाच.

एम-सीलने शिंग-बिंग जोडता येतं का?

येतं, आणि मजा तिथेच आहे. दोन्ही वड्या सारख्या प्रमाणात, एकच रंग येईपर्यंत मळा. हातमोजे किंवा निदान प्लास्टिकची पिशवी हाताला लावा. लवकर घट्ट होतं, म्हणून बोराएवढंच मळा. जोडायच्या जागेवर आधी ब्लेडने ओरखडे काढा, नाहीतर शिंग अख्खंच्या अख्खं सुटून येतं. ओलं असतानाच कातडी कोरून घ्यायची. पोतं शिवायचं दाभण पाण्यात बुडवून सुरकुत्या ओढा. मोसंबीची साल दाबली की बारीक खवल्यांसारखा ठसा उमटतो. मोसंबी आमच्याकडे मिळते म्हणून मोसंबी, संत्र्याचीही चालते.

लहान भेग असेल तर फेविक्विक टाकून वर खायचा सोडा भुरभुरवा, क्षणात दगड होतो. धूर डोळ्यात जाऊ देऊ नका. फेविक्विक हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात वेळ घेतं.

टी-रेक्स सोडून आपल्याकडचा कोणी डायनासोर आहे का?

आहे, आणि तो दुकानात सहसा मिळत नाही म्हणूनच हा छंद करायचा.

आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला एका लांब मानेच्या डायनासोरची हाडं सापडली. १९९७ मध्ये त्याला टायटॅनोसॉरस कोल्बर्टाय असं नाव दिलं, एडविन कोल्बर्ट या अमेरिकन जीवाश्मतज्ज्ञावरून. २००३ मध्ये तो वेगळ्याच वंशाचा (जीनसचा) ठरला आणि त्याचं इसिसॉरस झालं. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून हे नाव आलं, कारण काम त्या संस्थेच्या लोकांनी केलं. दक्षिणेला सिरोंच्याकडे गेलात तर गोदावरी-प्राणहिता खोऱ्याच्या कोटा थरांतून बारापासॉरस निघाला. तो कितीतरी जुना, ज्युरासिकच्या सुरुवातीचा. १९७५ मध्ये नाव पडलं. बंगालीत बारा पा म्हणजे मोठा पाय, आणि पुढचं टागोराय हे रवींद्रनाथांवरून. त्याचा सांगाडा कोलकात्यात त्याच संस्थेत उभा आहे.

इसिसॉरस करायचा तर जत्रेतला लांब मानेचा कोणताही घ्या. मान त्याच्या नातेवाइकांच्या मानाने आखूड आणि जाड होती, म्हणून मधून तुकडा कापून काढा, तारेचा खिळा घालून जोडा आणि एम-सीलने भरा. पुढचे पाय लांब होते, त्यांच्या तळाशी थर चढवून खांदा उचला, पाठ मागे उतरती होईल. डोकं आणि मागचे पाय सापडलेलेच नाहीत, तिथे त्याच्या गटातल्या इतर टायटॅनोसॉरांकडे पाहून तुम्ही ठरवा. ते चुकलं असं कोणी म्हणालं तर त्याला म्हणा, दाखव.

एक विनंती. आपल्या भागात वावरात, नाल्यात जुनं हाड किंवा हाडासारखा दगड दिसला तर उपटू नका, घरी आणून रंगवू तर मुळीच नका. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा, जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा. कोणत्या थरातून निघालं ते कळलं नाही तर हाडाची अर्धी गोष्ट जाते.

खाली पाट करून गवत लावू का? कोणीतरी म्हणालं की डायनासोरच्या काळात गवत नव्हतं.

ज्युरासिकवाल्याच्या पायाखाली लावू नका, तिथे नेचे आणि सायकससारखी झाडं. पण इसिसॉरसच्या पायाखाली लावता येतं, आणि याचा पुरावा वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्यानेच दिला. तिथे दगड झालेलं शेण सापडतं. २००५ मध्ये त्यात गवताच्या पेशींतले गारगोटीसारखे (सिलिकाचे) सूक्ष्म कण मिळाले, त्यांत भाताच्या नातलगांचेही होते. त्याआधी डायनासोर आणि गवत एकत्र दाखवलं की जाणकार हसत. आता पिसदुऱ्याचं नाव घ्यायचं. मात्र हिरवळीचा गालिचा नको, झुडपांमध्ये तुरळक झुबके ठेवा. नारळाच्या काथ्याचे तुकडे रंगवून छान होतात.

मातीचं एक गंमतशीर आहे. आपली काळी माती चाळून फेविकॉलमध्ये कालवून लावली की वाळताना आपोआप भेगा पडतात, उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या. पण काळी माती ही दख्खनच्या लाव्ह्याच्या खडकापासून झालेली, आणि इसिसॉरसची हाडं ज्यात सापडली ते लॅमेटा नावाचे थर बहुतेक त्या लाव्ह्याच्या खालचे. म्हणून त्याच्या पायाला मी काळ्याऐवजी लालसर-हिरवट चिकणमातीचा रंग देतो. एवढं बारीक कोणी पाहत नाही. मला झोप लागते, बस.

कोणत्या महिन्यात रंगवावं?

दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात रंग वाटीतच वाळतो. तेव्हा डब्यात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, आणि त्यावर रंग मिसळा. पावसाळ्यात ब्रशने रंगवा, पण वार्निशचा स्प्रे मारू नका. दमट हवेत तो पांढुरका धुकट होतो. वार्निश मॅटच हवं. चकचकीत डायनासोर ओला वाटतो.

बिघडला तर रंग काढता येतो का?

ॲक्रिलिक असेल तर येतो. कोरोनात घेतलेल्या सॅनिटायझरच्या बाटल्या अजून कपाटात असतील, त्यातल्या अल्कोहोलने टूथब्रशने घासला की सुटतो. थिनर वापरू नका, रंगासोबत नाकही जाईल. डायनासोरचं.

पिसं लावायची तर?

गावठी कोंबडीची, साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवलेली. बारीक तुकडे करून शेपटीकडून डोक्याकडे लावत या, घरावर कवेलू घालतात तसे. टायटॅनोसॉरला नकोत.

रंगवून विकता येतात का?

विकत घेतलेला रंगवून विकायला हरकत नाही. दुसऱ्याच्या घडणीचा साचा काढून नकला विकू नका.

तान्ह्या पोळ्यात लाकडी नंदीऐवजी डायनासोर नेला तर चालतो का?

आमच्याकडे पुतण्याने नेला. पाटाला चार चाकं लावली, पुढे दोरी बांधली आणि इसिसॉरस नंद्यांच्या रांगेत शेवटी उभा केला. पंचांनी आधी विचारलं, "हे कोणतं ढोर?" पोरगं म्हणालं, "आपल्याच जिल्ह्यातलं आहे." मग बोजारा, म्हणजे पोरांना देतात ती भेट, मिळाला, पण नंदीवाल्यांपेक्षा कमी. आजीने मात्र न विचारताच कुंकू लावलं. वार्निश पुरतं सुकलं नव्हतं, त्यामुळे ते कपाळावर कायमचं बसलं. तेव्हा नेणार असाल तर निदान चार दिवस आधी शेवटचा हात द्या.